पंख दुमडणारं दोन आसनी विमान ट्रेलरवरून सांगली ते कराड: बांधणी कशी करावी?

कुपवाडचा_वारा विचारतात:

नमस्कार मंडळी. किटफॉक्स पद्धतीचं, म्हणजे पंख मागे शेपटीकडे दुमडणारं विमान कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमधून कराडच्या धावपट्टीवर न्यायचं आहे. तिथल्या परवानग्यांचं काम वेगळं चालू आहे, इथे फक्त रस्त्याचं विचारतो.

माहिती अशी: रिकामं वजन 290 किलो, प्रत्येक पंख साधारण 27 किलो. पंख दुमडल्यावर रुंदी 2.4 मीटर, लांबी साडेसहा मीटरच्या आत. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर पॉलिस्टरचं कापड. टेलव्हील आहे, म्हणजे तिसरं छोटं चाक शेपटीखाली; पुढच्या पायांना धक्के झेलायला बंजी, म्हणजे जाड रबरी दोर आहे. इंजिन रोटॅक्स 912.

प्रश्न तीन. एक, पाऊणशे किलोमीटरसाठी ट्रेलर बनवून घ्यावा, की शेपूट पिकअपच्या हौद्यात बांधून विमान स्वतःच्या चाकांवर ओढत न्यावं? दोन, दुमडलेले पंख कशाला बांधायचे, विमानाला की ट्रेलरला? दोन्ही सल्ले ऐकू येतात. तीन, ऊसाची ट्रॉली फुकट मिळते आहे, ती चालेल का?

---

टेलव्हील_सातारा:

स्वतःच्या चाकांवर ओढायचा विचार आत्ताच सोडा. विमानाची चाकं धावपट्टीवर काही शे मीटर पळण्यासाठी असतात. तासभर सलग पळवली की बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, आणि छोट्या टायरला डांबरातले खड्डे झेपत नाहीत. शिवाय प्रत्येक दणका बंजीतून थेट सांगाड्यात जातो. कायद्याने ते वाहनही नाही आणि ट्रेलरही नाही, तो भाग वेगळाच.

आता पंख दुमडण्याबद्दल, कारण निम्मं नुकसान ट्रेलर हलण्याआधीच होतं.

माणसं तीन हवीत. एक पंखाच्या टोकाला, एक मुळाशी पिनजवळ, एक शेपटीला. आधी पंखातल्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा. पंख दुमडला की टाकी तिरकी होते आणि पेट्रोल व्हेंटमधून कापडावर ओघळतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. प्रोपेलर आडवा करून ठेवा. चाकांना पुढून मागून ठोकळे लावा. फ्लॅपरॉनचे (पंखामागच्या हलत्या पट्ट्यांचे) जोड, पिटोची (हवेतला वेग मोजणारी) नळी, पंखातल्या दिव्याची वायर आणि इंधनाची नळी सुटली आहे ना, हे मुळाशी उभ्या असलेल्या माणसाने हाताने चाचपून मगच पिनला हात घालायचा. एक वायर जरी राहिली तरी पंख मागे जाताना ती तुटते, आणि कुठे तुटली ते नंतर कापडाच्या आत शोधावं लागतं.

पुढच्या स्पारची, म्हणजे पंखातल्या लांब मुख्य दांड्याची, पिन काढताना टोकाचा माणूस पंख किंचित वर उचलून धरतो. भार बरोबर तोलला गेला की पिन दोन बोटांनी निघते. निघत नसेल तर टोक थोडं वर, थोडं खाली करून बघा. हातोडी घेऊ नका. हातोडीने पिन निघते, पण भोक लांबट होतं आणि मग पुढच्या उड्डाणात तिथे खडखड सुरू होते. पिन निघाली की पंख मागच्या स्पारच्या बिजागरीवर फिरवत चालत मागे न्यायचा, घाई न करता, टोक एकाच उंचीवर ठेवून. काढलेली पिन लगेच तिच्याच जागी परत घालून सेफ्टी पिन लावायची. खिशात ठेवलेल्या पिना चहाच्या टपरीवर राहतात.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. पंख मागे गेले की शेपूट जड होते. तुमचे दोन पंख मिळून 54 किलो. त्यांचा मध्य साधारण सव्वादोन मीटर मागे सरकतो. पुढची चाकं ते टेलव्हील अंतर 4.2 मीटरच्या आसपास धरलं तर टेलव्हीलवर 28 किलोच्या आसपास भार वाढतो. आधी 20 किलो असेल तर आता 48. नाकाला चाक असलेलं विमान असतं तर ते पंख दुमडताच शेपटीवर बसलं असतं, म्हणून त्या प्रकारात शेपटीखाली घोडी लावल्याशिवाय पिन काढतच नाहीत. तुमच्याकडे फक्त शेपूट उचलायला एकाऐवजी दोन माणसं लागतील. पण हा आकडा लक्षात ठेवा, ट्रेलरवर जागा ठरवताना हाच लागतो.

पंखांचं म्हणाल तर माझं मत, पंखाखाली ट्रेलरवर खोगिरासारखे आधार करा, गालिचा लावा आणि पंख त्यावर टेकवा. बिजागरीवर लोंबता पंख रस्त्यावर न्यायचा नाही. विमान हवेत असताना पंखाचा भार दोन स्पार आणि स्ट्रट (पंखाला खालून आधार देणारा तिरका दांडा) मिळून घेतात. दुमडलेल्या अवस्थेत तो एका मागच्या पिनवर आणि स्ट्रटच्या खालच्या जोडावर येतो, तोही उलटसुलट धक्क्यांचा.

---

कमानपाटा:

टेलव्हील भाऊ, दुमडण्याचं सगळं बरोबर, पण खोगिराच्या बाबतीत अर्धवट राहिलं. पंख ट्रेलरवर टेकवला आणि विमान बंजीवर उभं राहिलं, तर काय होतं बघा. खड्डा आला की विमान बंजीवर तीन-चार सेंटीमीटर खाली बसतं. पंखाचं टोक मात्र खोगिरात अडकलेलं, ते तिथेच राहतं. म्हणजे मागच्या स्पारची बिजागरी ही कटावणीची टेकू झाली. पंख नुसता लोंबता असता तर बरा, अशी वेळ येते.

दुसरं म्हणजे आपल्याकडे बनणाऱ्या ट्रेलरची चौकट सी चॅनेलची, म्हणजे एका बाजूने उघड्या पोलादी पट्टीची असते. उघडा चॅनेल वाकायला कडक, पण पिळायला फार मऊ. एक चाक खड्ड्यात गेलं की चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पीळ घेते. ऊसाला त्याचं काही नाही. पण तुम्ही पंख चार ठिकाणी, विमान तीन ठिकाणी असं सात जागी त्या चौकटीला जखडलंत, तर चौकटीचा पीळ सगळा विमानात उतरतो.

म्हणून ट्रेलरने विमानाला तीनच ठिकाणी धरायचं: दोन पुढची चाकं आणि एक टेलव्हील. तीन पायांच्या स्टुलासारखं, खालची जमीन कशीही झाली तरी पीळ येत नाही. बाकी जे काही आहे, पंख, रडर (शेपटीचा उभा हलता भाग), एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग), ते सगळं विमानालाच बांधायचं. आणि बंजी निकामी करायची. पाय आणि सांगाड्याच्या मधे सागवानी ठोकळा किंवा दोन्ही बाजूंना भोक पाडलेली पट्टी घालून पाय उघडणार-मिटणार नाही असा करा. टायरमधली हवा तेवढी स्प्रिंग पुरे, खालचे धक्के ट्रेलरच्या पाट्यांनी घ्यायचे.

पंख विमानाला बांधायचा तो असा. मुळाशी पुढच्या स्पारची जी पिन काढली, त्या फिटिंगपासून सांगाड्यापर्यंत 20-22 मिमीची नळी, दोन्ही टोकांना बोल्ट. ही नळी पंखाला गिरकी घेऊ देत नाही. टोकाकडे, टेलव्हीलच्या थोडं पुढे, सांगाड्याच्या वरून आडवा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना 10 सेंमी रुंद खोगीर, आतून फोम, फोमवर गालिचा. खोगीर बरोबर रिबच्या (पंखातल्या आडव्या फासळीच्या) खाली आणि स्पारच्या रेषेत आलं पाहिजे. दोन रिबच्या मधे आलं तर कापड आत दबतं आणि तासाभरात तिथे रंगाला भेगा. दांडा सांगाड्याला बांधताना नळ्यांच्या जोडावर बांधा, जोडांच्या मधल्या नुसत्या नळीवर नको.

आता ट्रेलर. ऊसाची ट्रॉली नको. फुकट असली तरी महाग पडेल. तिचे पाटे कित्येक टनांसाठी असतात. 290 किलोला ते हलतसुद्धा नाहीत, म्हणजे विमान जवळजवळ बिनस्प्रिंगच्या गाड्यावर चाललं. साधा हिशोब आहे: माल चढवल्यावर पाटा जेमतेम 1 सेंमी बसला तर चौकट सेकंदाला पाच वेळा थरथरते. 6-7 सेंमी बसला तर सेकंदाला साधारण दोनच वेळा, आणि तो हेलकावा विमानाला चालतो. म्हणून पाटा निवडताना टन विचारू नका, माल चढवून पट्टीने मोजा. किमान 5 सेंमी बसला पाहिजे. पिकअपचे जुने पाटे घेऊन मधली पानं कमी करता येतात. मुख्य पान आणि त्याच्या लगतचं दुसरं पान मात्र ठेवा. मुख्य पान मोडलं तर ॲक्सल धरणारं काही उरत नाही. शॉकॲब्सॉर्बर लावाच, मऊ पाट्याला त्याशिवाय उड्या थांबत नाहीत.

टायरचा दाबही बघा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पूर्ण भारासाठी असतो. इतक्या कमी वजनाला तेवढी हवा भरली की टायर दगड होतो. कंपनीच्या भार-दाब तक्त्यात तुमच्या वजनापुढचा आकडा बघून तेवढीच भरा.

विमान ट्रेलरवर कुठे ठेवायचं, याचा हिशोब तुमच्या आकड्यांवर करून देतो. ट्रेलर 350 किलो धरला तर एकूण 640. हुकवर खाली येणारा भार एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हवा, म्हणजे 64 किलोच्या आसपास. रिकामा ट्रेलर हुकवर 30 किलो टाकतो आणि ॲक्सलपासून हुक 4 मीटरवर आहे असं समजा. मग विमानाने आणखी 35 किलो टाकायला हवेत. त्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे पाहिजे: 290 गुणिले 0.5 भागिले 4, म्हणजे 36.

पंख दुमडल्यावर टेलव्हीलवर 48 किलो, तर गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या 70 सेंमी मागे. म्हणजे विमानाची चाकं ट्रेलरच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर पुढे आली पाहिजेत. जो पंख उघडे असतानाचा आकडा घेतो, तो चाकं 80 सेंमीवरच थांबवतो. मग हुकवर जेमतेम 36 किलो राहतात आणि 60 च्या वर गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. घरातल्या वजनकाट्यावर टेलव्हील ठेवून आकडा प्रत्यक्ष घ्या, ट्रेलरवर विमान ज्या कोनात बसणार त्याच कोनात शेपूट धरून.

---

कुपवाडचा_वारा:

कमानपाटा दादा, तीन ठिकाणांचं डोक्यात बसलं. पट्टे नेमके कुठे आणि किती ताणायचे? आणि नाक पुढे की शेपूट पुढे? शेपूट पुढे ठेवली तर समोरून येणारे दगड इंजिनाला लागणार नाहीत असं एकाने सुचवलं.

---

टेलव्हील_सातारा:

कमानपाटांचं मान्य. चौकट पेटी विभागाची, म्हणजे चौकोनी बंद नळीची आणि कडक असेल, पाय पक्के केलेले असतील, तरच खोगीर ट्रेलरवर. नाहीतर त्यांची पद्धत.

नाक पुढे. रडर आणि एलेव्हेटर मागच्या काठाने वारा कापायला बनलेले नाहीत. उलटा वारा लागला की ते बिजागरीवर आपटत राहतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 ला चौरस मीटरवर साधारण 17 किलो, 80 ला 30. समोरून 20 चा वारा असेल तर गाडीचा काटा 60 दाखवत असताना विमानाला 80 लागतात. अशा विमानाचा स्टॉलचा, म्हणजे हवेत टिकायला लागणारा किमान, वेगच 60-65 च्या घरात असतो, म्हणजे शेपटीला तुम्ही रस्त्यावरच उड्डाणाचा वारा देताय.

स्टिक (विमान चालवायचा दांडा) सीटबेल्टने बांधली म्हणजे झालं असं समजू नका. केबल ताणते, मधे ढिलाई असते, एलेव्हेटर तेवढ्यातच खडखडतो आणि बिजागरीची भोकं खातो. बाहेरून लॉक करा: स्थिर भाग आणि हलता भाग यांना वरून खालून लाकडी पट्टी, आतून फेल्ट, दोन बोल्ट, कान असलेल्या विंगनटने हाताने कसलेले. रडरला तसंच. सुटलेल्या फ्लॅपरॉनना सुद्धा, ते तर आता नुसते बिजागरीवर आहेत. सगळ्या लॉकना लाल पट्टी लावा, कराडला काढायची राहू नये म्हणून.

दगडांसाठी ट्रेलरच्या पुढच्या काठावर प्लायचा किंवा जाळीचा पडदा, इंजिनाच्या उंचीपर्यंत. ओढणाऱ्या गाडीला जमिनीला टेकतील असे लांब मडफ्लॅप. बहुतेक दगड समोरच्या ट्रककडून नाही, आपल्याच मागच्या चाकांतून येतात. हवा आत घेणारी तोंडं आणि एक्झॉस्ट बंद करा. प्रोपेलर दोन्ही बाजूंनी बांधा. 912 चं इंजिन उलटं फिरवायचं नसतं, तेलाच्या मार्गात हवा शिरते.

ताडपत्री अजिबात घालू नका. पाऊस दिसला म्हणून घातली जाते आणि पावसापेक्षा तीच जास्त खराबी करते. फडफडणारी ताडपत्री म्हणजे कापडावर आणि समोरच्या पारदर्शक काचेवर, जी खरं तर पॉलिकार्बोनेट असते, तासभर सँडपेपर. भिजलेलं विमान पुसता येतं.

पट्टे: पॉलिस्टरचे, नायलॉनचे नकोत, नायलॉन ताणतं. पुढच्या प्रत्येक चाकाजवळ दोन, ॲक्सलच्या फिटिंगपासून एक तिरका पुढे आणि एक तिरका मागे. स्ट्रटला पट्टा कधीच नाही. टेलव्हील चॅनेलच्या पेटीत बसवून वरून एक पट्टा, टेलव्हीलचा पाटा थोडाच दबेल इतका. 50 मिमीचा रॅचेट साध्या हाताने अडीचशे-तीनशे किलोचा ताण देतो हे विसरू नका, नळी वाकायला तेवढं पुरतं. विमानाला 25 मिमीचा घ्या, ढिलाई गेली की आणखी एक खाच, बस. पट्ट्याला अर्धा पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही. गुणगुणणारा पट्टा स्वतःच रॅचेट सोडवतो.

---

पेठनाका_४८:

रस्ता आणि कागदांचं थोडक्यात.

रुंदीची कायदेशीर मर्यादा 2.6 मीटर, तुमचं 2.4 त्यात बसतं. पण ट्रेलरचे मडगार्ड बाहेर काढलेत तर ती ओलांडली जाते, तेवढं फॅब्रिकेटरला बजावा. मागे लोंबणारा माल चालत नाही, म्हणून डेक 22 फुटांचा करा. बंद कंटेनरचा विचार करत असाल तर आधी आतून मोजा, बऱ्याच गाड्यांची आतली रुंदी 2.1 ते 2.3 असते. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी, मागे नंबर, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि परावर्तक पट्टी: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ऊसाच्या ट्रॉलीची नोंदणी आणि विमा शेतीकामापुरता असतो. त्यावर विमान नेताना काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. विमानाची पॉलिसी रस्त्यावरच्या वाहतुकीला लागू आहे का तेही वाचा. नसेल तर ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घ्या. भाड्याची गाडी असेल तर चालक ई-वे बिल मागेल, राज्यातल्या राज्यात महाराष्ट्राची मर्यादा एक लाखाची आहे आणि मालाची किंमत त्याच्या वर आहे. ते आदल्या दिवशीच मार्गी लावा.

वाट: माधवनगरवरून बायपासच्या पुलाने कृष्णा ओलांडा, गावातून आयर्विन पुलाकडे जाऊ नका. मग डिग्रज, तुंग, आष्टा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), पेठ नाका, तिथून महामार्गाने नेर्ले, कासेगाव, कराड. या टप्प्यात टोलनाका लागत नाही, किणी मागे राहतो आणि तासवडे कराडच्या पुढे आहे. सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली आहे, तिथे गतिरोधक आणि खडी दोन्ही आहेत, 15-20 च्या वर जाऊ नका. पुलावर बाजूचा वारा लागतो. बाकी रस्त्याला 45-50 पुरे.

सकाळी उजाडताच निघा. रात्री नको, गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात आणि त्यातून पडलेला ऊस रस्त्यावर असतो. गावांतून जाताना आडव्या वीजवाहिन्या आणि खाली आलेल्या फांद्या बघा. डेक 60 सेंमी आणि विमान दोन मीटर म्हटलं तरी तारा नाही, झाडांच्या फांद्याच आधी लागतात.

पहिल्या 5 ते 8 किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे आणि हब हाताने तपासा. हब हात टेकवता येणार नाही इतका गरम असेल तर बेअरिंग घट्ट कसलंय. पण थांबायचं ते मोकळ्या जागी, आष्ट्याच्या स्टँडसमोर नको. विमान म्हटल्यावर गर्दी जमणार, आणि गर्दीतला प्रत्येक जण कापड खरंच कापड आहे का ते बोटाने दाबून बघणार. मागे एक गाडी आणि त्यात दोन माणसं ठेवा, एकाचं काम फक्त लोकांना लांब ठेवणं.

---

कुपवाडचा_वारा:

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: ट्रेलर बनायला वेळ लागेल. बंद पडलेल्या गाड्या उचलतात तो सरकत्या बेडचा ट्रक भाड्याने मिळतोय, डेक 22 फुटी. तो चालेल?

---

कमानपाटा:

डेकची लांबी चालते, पाट्याचं दुखणं मात्र तेच. त्या ट्रकचे पाटे चार-पाच टनांचे असतात, रिकामा पळतो तसाच उडतो. वजन म्हणून डेकवर ॲक्सलच्या वर वाळूच्या गोण्या टाकता येतात. टनभर वाळूने फरक पडतो, पण त्या फळ्या ठोकून पक्क्या अडवा. शक्यतो एअर सस्पेन्शनचा ट्रक शोधा.

चढवताना बेड तिरका होतो तेव्हा धोका शेपटीला असतो. विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) नाकाकडून ओढायला लागलात की पुढची चाकं वर चढतात, टेलव्हील अजून जमिनीवर, आणि दुमडलेल्या पंखांची टोकं जमिनीकडे झुकतात. शेपूट छोट्या डॉलीवर ठेवून 30-40 सेंमी वर उचला, दोन माणसं दोन्ही टोकांपाशी चालू द्या. विंचचा दोर दोन्ही पायांच्या खालच्या फिटिंगला इंग्रजी व्ही आकारात, प्रोपेलरच्या मुळाला किंवा इंजिन माउंटला नाही. उतरवताना विंच सैल सोडत आणा, हाताने रोखायला जाऊ नका, 290 किलो उतारावर कोणाचं ऐकत नाहीत.

---

टेलव्हील_सातारा:

कराडला पोचल्यावर पंख उघडायच्या आधी मागच्या स्पारची बिजागरी आणि स्ट्रटचे खालचे जोड भिंगाने बघा. पिनभोवती काळसर पावडर दिसली तर तिथे धातू घासलाय, पिन काढून व्यास मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिन घातल्यावर टोकाला धरून पंख पुढे-मागे हलवून बघा, खट असा आवाज येता कामा नये. फ्लॅपरॉन जोडल्यावर स्टिक डावीकडे नेली की डावा फ्लॅपरॉन वर गेला पाहिजे, हे एकाने कॉकपिटात आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून बघायचं. मग ज्याने काहीही जोडलेलं नाही अशा तिसऱ्या जाणकाराने सगळे जोड, नट आणि सेफ्टी पिना स्वतंत्रपणे तपासून सही करायची. सोडलेले नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे) नट परत वापरू नका, नवे घ्या. स्प्लिट पिनाही नव्या. लाल पट्ट्या मोजून काढा: एलेव्हेटरच्या दोन, रडरची एक, फ्लॅपरॉनच्या दोन, पिटोची एक, आणि पायात घातलेले दोन ठोकळे.